चार चाकं ओढताय, मग ब्रेक दोघांनाच का?

ट्रेलरचे प्रश्न बरेच साठले होते, त्यातले ब्रेकचे तेवढे या वेळी एकत्र घेतलेत. टायर आणि लाइटचे पुढच्या वेळी.

प्रश्न : माझा दोन एक्सलचा ट्रेलर आहे, माल भरून ३००० किलोच्या आसपास जातो. ब्रेक फक्त पुढच्या एक्सलला, मागे नुसते हब (चाक ज्यावर बसतं तो भाग). विकणारा म्हणाला होता एका एक्सलला ब्रेक पुरे, गाडीचे ब्रेक आहेतच की. पण उतारावर ट्रेलर मागून ढकलतोय हे सरळ जाणवतं. मागे पण बसवू का, आणि बसवायचे तर कुठले?

उत्तर : बसवा. यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही. ३००० मधले साधारण ३००-४०० किलो गाडीच्या हुकवर येतात, बाकीचं दोन एक्सलमध्ये वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकी १३०० किलो धरा. आता ज्या एक्सलला ब्रेकच नाही तिथले टायर ते १३०० किलो थांबवायला काडीची मदत करत नाहीत, नुसते फिरत राहतात, आणि सगळा बोजा ब्रेकवाल्या दोन चाकांवर आणि तुमच्या गाडीवर येतो. कोरड्या रस्त्यावर खपून जातं हो, पण ओल्या रस्त्यावर तीच दोन चाकं लॉक होऊन घसरतात आणि मागची दोन निवांत फिरत असतात. त्यात ६० चा वेग ८० केलात की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते, हे विकणारा सांगत नाही.

नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक लागतातच, ऑस्ट्रेलियात २००० किलोच्या वर गेलं की सगळ्या चाकांना लागतात. तुमच्याकडचा नियम बघून घ्या, पण नियम एका एक्सलवर भागवून घेत असला तरी तुम्ही भागवू नका.

आता कुठले. एक प्रकार म्हणजे ओव्हररन, ज्याला काहीजण सर्ज म्हणतात. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलर, म्हणजे गाडीच्या हुकवर बसणारं ट्रेलरचं तोंड, आत दाबला जातो आणि त्या दाबाने ब्रेक लागतात. वायरिंग नको, कंट्रोलर नको, कुठलीही गाडी जोडा. पण ब्रेकवर तुमचा ताबा शून्य. लांब उतारावर इंजिनच्या जोरावर उतरत असलात तरी कपलर दाबलेलाच राहतो, म्हणजे ब्रेक सतत घासतात आणि तापतात. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक, आणि तुमच्या वजनाला मी हाच घेईन, कारण गाडीत कंट्रोलर असतो आणि त्याचं बटण हाताने दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. ट्रेलर डावी-उजवीकडे डुलायला लागला ना, की गाडीचा ब्रेक जोरात न मारता ते बटण हळूच दाबायचं, ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ येतो. ओव्हररनला ही सोयच नाही. कंट्रोलर घेताना प्रपोर्शनल घ्या, म्हणजे गाडी जेवढी जोरात थांबते तेवढाच जोर तो ट्रेलरला देतो. टायमरवाला स्वस्त असतो पण गाडी कशीही थांबवा, तो आपल्या ठरलेल्या चालीनेच जोर वाढवतो.

साइज मनाने घेऊ नका, एक्सलच्या क्षमतेवर घ्या. ३५०० पौंडी म्हणजे जवळपास १६०० किलोच्या एक्सलला १० इंची ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा) आणि सव्वादोन इंच रुंद शू (त्याला आतून घासून थांबवणारे तुकडे) चालतात, ५२०० ते ७००० पौंडी एक्सलला १२ इंची ड्रम, २ इंच शू. आधी मागच्या एक्सलवर चाकाच्या आतल्या बाजूला फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली जाड पट्टी, आहे का बघा, त्यावर बॅकिंग प्लेट (शू जिच्यावर बसवलेले असतात ती तबकडी) बोल्टने बसते (१० इंचीला सहसा ४ बोल्ट, १२ इंचीला ५). फ्लँज असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. नसेल तर वेल्डिंग आलं, आणि ते बरोबर मध्यावर, काटकोनात व्हायला हवं, तेव्हा ते काम एक्सल बनवणाऱ्याकडेच द्या. ड्रम घेताना चाकाच्या बोल्टची मांडणी आणि बेअरिंगवरचे नंबर जुन्या हबवरून उतरवून न्या.

बसवताना एक घोळ हमखास होतो, डावं-उजवं अदलाबदल. शूवरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, बघा, एका शूवर आखूड आणि दुसऱ्यावर लांब असतं. आखूडवाला शू ट्रेलरच्या पुढच्या बाजूला. उलटं बसलं तरी ब्रेक लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण जोर कमी मिळतो. आणि ग्रीस भरताना हात पुसत राहा, लायनिंगला ग्रीस लागलं की ते पुसून-धुऊन नीट होत नाही, शू बदलावेच लागतात.

प्रश्न : चारही चाकांना नवे इलेक्ट्रिक ब्रेक बसवले, कंट्रोलर पण नवा आहे. पण जोर काही लागत नाही, बटण पूर्ण दाबलं तरी ट्रेलर आरामात चालत राहतो. मेकॅनिक म्हणतो माल खराब.

उत्तर : माल खराब असायची शक्यता सगळ्यात कमी. आधी शू टाइट केलेत का? चाक जॅकवर उचला, बॅकिंग प्लेटच्या खालच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. मग उलट दिशेला सैल करा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण कानाला हलकी खरखर आली पाहिजे. नवीन शू सुरुवातीला घासून बसतात तेव्हा पहिल्या ३०० किलोमीटरनंतर हेच परत. आणि बसेपर्यंत पूर्ण जोर मागू नका, ६५ वरून ३० वर असं वीस-तीस वेळा थोडं थोडं थांबवून घ्या, मध्ये ड्रम थंड होऊ द्या.

एवढं करूनही तेच असेल तर वायर. बहुतेक वेळा वायरच असते. १० किंवा १२ इंची ब्रेकचा एक मॅग्नेट (प्रत्येक चाकात असतो, करंट मिळाला की तोच शू ड्रमवर दाबायला लावतो) १२ व्होल्टवर तीन ते पावणेचार अँपिअर खेचतो, चार मिळून १२ ते १५. आता ८ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरची वायर टाकली असेल, जी लाइटला चालते म्हणून लोक ब्रेकला पण टाकतात, तर जाता-येता तीन व्होल्ट वायरच खाते आणि मॅग्नेटला मिळतात ९. तीच वायर ५ चौरस मिलिमीटरची टाका, पाऊण व्होल्टच जाईल. अर्थची वायर पण तेवढीच जाड आणि वेगळी, थेट प्लगपर्यंत. हुकच्या बॉलमधून अर्थ मिळतो असं समजू नका, तिथे ग्रीस असतं.

कळणार कसं? ब्रेकच्या वायरमध्ये अँपिअर मीटर लावा आणि कोणालातरी बटण दाबायला सांगा. १२ च्या वर दिसले तर चारही मॅग्नेट ओढतायत. ९-१० दाखवतोय तर बहुधा एक मेलेला आहे, मग मल्टीमीटरने एकेकाचा रेझिस्टन्स बघा, ३ ओहमच्या थोडं वर यायला हवा. मॅग्नेटच्या दोन वायरीत प्लस-मायनस नसतो, उलट जोडली असेल म्हणून डोकं पिकवू नका. एक्सलच्या नळीतून नेलेली वायर मात्र नक्की तपासा, आत घासून तिचं इन्सुलेशन जातं आणि खड्ड्यात आदळलं की तेवढ्यापुरतं शॉर्ट होतं, उभ्या ट्रेलरवर सगळं ठीक दिसतं.

प्रश्न : ओव्हररन ब्रेक आहेत. चढावर रिव्हर्स घेतला की ब्रेक लागून ट्रेलर जागेवर अडतो.

उत्तर : रिव्हर्समध्ये पण कपलर दाबलाच जातो, त्याला कसं कळणार तुम्ही थांबताय की मागे जाताय. ड्रम असतील तर मागे फिरताना आपोआप सुटणारे शू मिळतात. डिस्क असतील तर रिव्हर्स लाइटच्या करंटवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा, रिव्हर्स टाकला की तो ब्रेकचं तेल अडवतो.

प्रश्न : बोटीच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ड्रम चालतील का? बोट समुद्रात उतरवतो.

उत्तर : नका लावू. खाऱ्या पाण्यात मॅग्नेट आणि शू दोन्ही गंजतात. हायड्रॉलिक डिस्क घ्या, शक्यतो स्टेनलेस, आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न : ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारं ब्रेकअवे स्विच आहे, पण ते चालतं की नाही हे तपासू कसं?

उत्तर : आधी ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा, हे विसरू नका. प्लग लावलेला असताना स्विचची पिन (ट्रेलर सुटला की केबलने खेचली जाते ती) खेचली तर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा गाडीतल्या कंट्रोलरमध्ये जातो आणि तो जळू शकतो. प्लग काढला की पिन खेचा आणि गाडीने हळू ओढून बघा, चारही चाकं अडली पाहिजेत. अडली की पिन लगेच परत घाला. ब्रेक पंधरा मिनिटं तरी धरून राहिले पाहिजेत असं बऱ्याच ठिकाणी धरतात, चार मॅग्नेटला १२ अँपिअरने तेवढ्यात ३ अँपिअर-तास लागतात, म्हणजे ५ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी पुरते, पण चार्ज असेल तरच. पिनची केबल सेफ्टी चेनला किंवा बॉलला बांधलेली असेल तर आजच सोडवा आणि गाडीच्या चासीला वेगळी बांधा, वळणावर ताणली जाणार नाही आणि रस्त्याला घासणार नाही एवढी लांब ठेवून.