दाताळ्यावर नऊ वेळा पाय

प्रश्न : आमच्याकडे रात्री जेवताना 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका लागते. मुलगी अकरावीत आहे, ती खो खो हसते आणि मी दर दोन मिनिटांनी पॉज करून सांगत बसतो की अगं हा अमक्या पिक्चरचा सीन आहे, ही तमक्याची नक्कल आहे. परवा ती म्हणाली, बाबा तुम्ही सगळ्या जोकची वाट लावता. मूळ पिक्चरच माहीत नसेल तर विडंबनात मजा ती काय? माझं चुकतंय का? - एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चुकतंय. आधी रिमोट तिच्याकडे द्या.

1993 चा 'केप फिअर' हा एपिसोड घ्या. सिम्पसन्सचा पोरगा बार्ट, त्याच्या जिवावर उठलेला खलनायक साइडशो बॉब सिम्पसन्सच्या गाडीखाली स्वतःला बांधून घेतो, गाडी निघते ती थेट निवडुंगातून, आणि शेवटी हा सोलवटलेला गडी बाहेर येतो तर चारी बाजूंनी दाताळी पसरलेली, तीच आपली पाचोळा ओढायची. पाय पडला की दांडा फाडकन तोंडावर. दोनतीनदा आपण हसतो, पाचव्यांदा वाटतं बास आता, आणि सातव्या-आठव्यांदा परत हसू फुटतं ते आवरतच नाही. नऊ वेळा चालतं हे!

आता गाडीखाली लटकून येणं हे मार्टिन स्कॉर्सेसीच्या 1991 च्या 'केप फिअर' याच नावाच्या पिक्चरमधलं, तिथे रॉबर्ट डी नीरो असाच येतो, आणि तो पिक्चर पण 1962 च्या पिक्चरचा रीमेक, त्यातली बर्नार्ड हरमनची धूनसुद्धा बॉबच्या मागे वाजते. पण दाताळी? ती या दोन्ही पिक्चरमध्ये नाहीत. एपिसोड लांबीला कमी पडत होता म्हणून तो सीन ताणला, बस. आणि लोकांच्या लक्षात राहिलं तेच.

माझं तर सगळं उलटंच झालं. 'रोझबड' एपिसोड मी आधी बघितला, त्यात म्हातारा कंजूष बर्न्स झोपेत 'बोबो' पुटपुटतो आणि हातातला बर्फवाला काचेचा गोळा पडतो. पुढे कधीतरी फिल्म क्लबात 1941 चा 'सिटिझन केन' लागला, मरणारा केन 'रोझबड' पुटपुटतो आणि असाच गोळा हातातून पडतो, तो गंभीर ओठांचा क्लोजअप आला, सगळा हॉल चिडीचूप आणि मला फिस्सकन हसू. पुढच्या रांगेतल्या काकांनी वळून असं काही बघितलं की बास. पण खरं सांगू, केशवकुमारांची विडंबनं पण आपल्यातल्या कित्येकांनी मूळ कवितांच्या आधीच वाचलेली असतात, तिथे कुठे अडतं आपलं?

हां, एखाददुसऱ्या ठिकाणी मूळ गोष्ट माहीत लागते. 1994 च्या हॅलोविन एपिसोडमध्ये 'द शायनिंग' या भयपटाची टर उडवलीय, तिथे माळी विली मनातलं ओळखायच्या शक्तीला 'शिनिंग' म्हणतो, बार्ट विचारतो शायनिंग म्हणायचंय का, तर विली म्हणतो, श्श, केस ठोकून घ्यायचीय का! हे मात्र पिक्चर माहीत नसेल तर डोक्यावरून जाणार. असलं एपिसोड संपल्यावर सांगा, ताटं उचलता उचलता.

प्रश्न : नवे पिक्चर सोडून ही 'सिम्पसन्स'वाली मंडळी कायम जुन्याच्याच मागे का असतात? - एक वाचक, सांगली

उत्तर : कायम नाही, पण कारण साधं आहे. एक एपिसोड लिहून, आवाज भरून, चित्रं होईपर्यंत कित्येक महिने जातात, आज गाजणारं तोवर शिळं होतं. जुना क्लासिक शिळा होत नाही. 'साऊथ पार्क' या दुसऱ्या कार्टून मालिकेवाले साधारण सहा दिवसात एपिसोड उडवतात म्हणून त्यांना या आठवड्याची बातमी चालते.

प्रश्न : 'सिम्पसन्स'मधल्या दुकानदाराचं अपू हे नाव आपल्याकडचं कसं काय? - एक वाचक, पुणे

उत्तर : सत्यजित रायांच्या अपूवरून, तो 1955 च्या 'पथेर पांचाली'तला. बाकी त्या दुकानदाराच्या उच्चारांवरून पुढे बराच वाद झाला, त्याला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने 2020 मध्ये ते काम सोडलं. नाव तेवढं झकास उचललेलं.