आजीच्या काळातलं जुनं कापड गोधडीसाठी वापरायचंय, आधी धुवावं का?
सुती असेल तर धुवा, पण आधी उजेडासमोर धरून पाहा. वीण चाळणीसारखी दिसली किंवा हलक्या ताणाने धागा तुटला, तर तो भाग सरळ कापून टाका. जीव तुटतो, पण तो भाग टिकणार नाही. ओला पांढरा बोळा कोपऱ्यावर दाबा. रंग लागला तर धुऊ नका. नाहीतर गार पाण्यात सौम्य साबण घालून भिजवा. उचलताना खाली जाळी धरा, ओल्या जुन्या कापडाला स्वतःचंही वजन पेलत नाही. पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. विरलेल्या तुकड्यांना मागून मलमल लावा.

रेशीम मात्र भिजवूच नका. १९व्या शतकाच्या अखेरीस वजन वाढवायला त्यात कथिलाचे क्षार मुरवत. असं रेशीम घडीवरच चिरत जातं.