शंका-समाधान : अंधारातले रंगीत इशारे

प्रश्न : रात्रीच्या लष्करी इशाऱ्यांत लाल, हिरवा, पांढरा हेच रंग का दिसतात? निळा का नाही?

उत्तर : निळा हवा होताच. मार्था कॉस्टन यांनी दिवंगत पतीच्या वहीतल्या अर्धवट कल्पनेवरून अमेरिकी आरमारासाठी इशाऱ्याच्या ज्योती तयार करवून घेतल्या, तेव्हा त्यांना लाल-पांढऱ्याच्या जोडीला निळाच हवा होता. पुरेसा झगझगीत निळा साधेना, म्हणून हिरवा आला. (१८५९च्या पेटंटवर शोधक म्हणून नाव मात्र पतीचंच. स्वतःच्या नावाचं पेटंट त्यांना १८७१मध्ये मिळालं.)

अडचण रसायनाची आहे. निळा रंग तांब्याच्या क्लोराइडमुळे येतो आणि हा रेणू फार उष्णतेत टिकत नाही. ज्योत मंद ठेवली तर लांबून दिसत नाही, प्रखर केली तर रंगच उडतो. लालसाठी स्ट्रॉन्शियम, हिरव्यासाठी बेरियम त्यामानाने सोशिक. तरी मॅग्नेशियम जास्त झालं की हिरवाही पांढुरका पडतो, आणि धुक्यातून पाहणारा त्याला पांढराच समजतो.

प्रश्न : व्हेरी पिस्तुलाने नेमका काय फरक पडला?

उत्तर : उंचीचा. कॉस्टनची ज्योत हातात धरायची. मध्ये काही आडवं आलं की इशारा गेला. अमेरिकी आरमाराचेच अधिकारी एडवर्ड व्हेरी यांनी १८७७च्या सुमारास पिस्तुलात काडतूस भरून त्यातून रंगीत तारा, म्हणजे जळता गोळा, वर उडवला. लाल आणि हिरवा असे दोनच रंग, चार-चार ताऱ्यांच्या गटांत. तारा जेमतेम काही सेकंद जळतो. पहारेकऱ्याची नजर तेवढ्यात दुसरीकडे असली तर दुसरं काडतूस भरण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि अंधारात कोणत्या रंगाचं भरायचं? त्यासाठी पुढे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर रंगानुसार वेगवेगळ्या खाचा ठेवू लागले. अंगठा फिरवला की कळतं, दिवा लागत नाही. ओल लागलेलं काडतूस कधी उशिरा पेटतं, म्हणून चाप ओढूनही उडालं नाही तर नळी वरच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावं, लगेच उघडू नये.

प्रश्न : शत्रूने तोच रंग उडवला तर?

उत्तर : उडवतातच. अमेरिकी यादवी युद्धात नाकेबंदी चुकवणारी जहाजं पाठलाग करणाऱ्यांसारखेच इशाऱ्याचे अग्निबाण भलत्याच दिशेला सोडून त्यांना चकवत. म्हणून पहिल्या महायुद्धात तोफखान्याला हाक देणारे रंग वरचेवर बदलावे लागत, आणि बदललेला रंग खंदकात वेळेवर पोचला नाही की स्वतःच्याच तोफा गप्प राहत.