मुलाला ‘रिस्ट्रेंट ट्रेनर’ व्हायचंय

प्रश्न : माझा मुलगा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून एका खासगी मनोरुग्णालयात ब्रदर आहे. लहानपणापासून तालमीतला, अंगानं धिप्पाड. पेशंट भडकला की सगळे त्यालाच हाक मारतात. आता तीन दिवसांचा ‘रिस्ट्रेंट ट्रेनर’ कोर्स करून, भडकलेल्या पेशंटला कसं आवरायचं, धरायचं ते इतर स्टाफला शिकवायचं म्हणतो. फी बरीच आहे. भरू का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, फी भरू नका, पण मुलाला नाउमेदही करू नका. हे शिकवणारी माणसं आपल्याकडे हवीच आहेत. फक्त हे ताकदीचं काम आहे असं त्याच्या मनात असेल, तर तो समज आधी काढा.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ त्यानं मुळातून वाचावा. पेशंटला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच उरला नसेल, तरच कलम ९७ प्रमाणे त्याला धरता-बांधता येतं, आणि तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. कारण, पद्धत, वेळ लगेच केसपेपरवर लिहायची आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (त्याच्या वतीनं नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं. साखळदंडाला तर पूर्ण बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमात आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या रुग्णांपैकी २८ जण होरपळून गेले. ती घटना प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे.

आता प्रत्यक्ष धरणं. कुस्तीत समोरच्याला चीत करायचं असतं. इथे छाती, पाठ, मान यांवर जराही भार द्यायचा नाही, कारण पालथं दाबून धरलेल्या माणसाचा श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. एकानं डोक्याशी थांबून फक्त श्वास आणि चेहऱ्याचा रंग बघायचा, आणि पेशंटशी बोलायचंही त्यानंच. सगळे एकदम ओरडले की माणूस आणखी बिथरतो. पट्टा बांधलाच, तर खाली दोन बोटं जातील इतका सैल ठेवायचा. बोटं गार पडलीत का, पाणी हवंय का, लघवीला जायचंय का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. माझ्या मते चांगल्या ट्रेनरच्या वॉर्डात ही वेळच क्वचित येते.

कायद्यात ‘रिस्ट्रेंट ट्रेनर’ असं पद नाही, त्यामुळे निव्वळ तीन दिवसांच्या सर्टिफिकेटवर करिअर उभं राहणार नाही. त्यानं मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करावा. बंगळुरूच्या निमहान्सची (मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची) माहिती आधी काढा. शिकवण्याकडेच वळायचं असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी, मग मानसोपचार नर्सिंगमध्ये एमएस्सी. वेळ लागेल, पण नर्सिंग कॉलेजं आणि हॉस्पिटलांतली स्टाफ ट्रेनिंगची कामं याच वाटेवर आहेत. परदेशाचा विचार असेल तर इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्यानं मनोरुग्णालयांतल्या स्टाफला बळाच्या वापराबद्दल प्रशिक्षण देणं बंधनकारक केलंय, हेही लक्षात ठेवा.

तोवर मेट्रनना विचारून त्यानं वॉर्डातल्या जुन्या नोंदी बघाव्यात आणि नावं वगळून, प्रत्येक प्रसंगाच्या आधी अर्धा तास काय घडलं ते वहीत उतरवावं. घरी फोन लावू दिला नाही, जेवण उशिरा आलं, कुणी सगळ्यांदेखत रागावलं. पुढे वर्ग घ्यायची वेळ आली की त्याला हीच उदाहरणं लागतील.