बुलपेनमध्ये पाठवलं म्हणजे पायरी उतरवली का?

प्रश्न थोडक्यात असा, की तुमचा भाचा न्यू जर्सीत कॉलेजकडून बेसबॉल खेळतो. आजवर सामन्याची सुरुवात तोच करायचा, म्हणजे तो स्टार्टर होता. या मोसमात कोचने त्याला रिलीफ पिचर केलं, म्हणजे आता बुलपेनमध्ये (मैदानाकडेच्या वॉर्मअपच्या जागेत) बसायचं आणि सामना चालू असताना बदली म्हणून चेंडू टाकायला यायचं. घरात वाटतंय की पोराची पायरी उतरवली. या कामावर पुढे पोट भरतं का, हेही तुम्ही विचारलंय.

पायरी उतरवली आहे, हे खरं आहे. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे तीन-चार तऱ्हेचे चेंडू आहेत आणि जो ऐंशी-नव्वद चेंडूंनंतरही टिकतो, त्याला कुठलाही शहाणा कोच स्टार्टरच ठेवतो. पण मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, बुलपेनमध्ये बसलेले बहुतेक जण कधीतरी स्टार्टर म्हणून कमीच पडलेले असतात. त्यातला सगळ्यात मोठासुद्धा.

मारियानो रिवेराचं नाव भाच्याला माहीत असेलच, तुमच्यासाठी सांगतो. पनामातलं प्युएर्तो काइमितो हे मच्छीमारांचं गाव, वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान. 1990 साली न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला घेतलं ते दोन-तीन हजार डॉलरच्या बोलीवर. इंग्रजी येत नव्हतं. 1992 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. 23 मे 1995 ला तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो स्टार्टर म्हणून, आणि सामन्याच्या नऊपैकी चार इनिंगही पूर्ण न करता पाच रन देऊन बाहेर आला. थोड्याच दिवसांत त्याला परत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, धाडलं. त्या वर्षी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकायच्या गोष्टीही चालल्या होत्या. मोसमाअखेर प्लेऑफमध्ये बुलपेनमधून टाकायला लावलं, आणि तिथे त्याला कोणी हातच लावू शकलं नाही. 1996 मध्ये तो क्लोजरच्या (शेवटी येऊन सामना संपवणाऱ्या पिचरच्या) आधीच्या इनिंग सांभाळायचा. त्या मोसमात 107 इनिंगहून थोडं जास्त टाकून त्याने 130 स्ट्राइकआउट काढले, म्हणजे तितके फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. 1997 पासून तो स्वतःच क्लोजर झाला.

त्याच वर्षीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर तो सामन्याआधी साधी फेकाफेक करत होता, आणि चेंडू आपोआप शेवटच्या क्षणी बाजूला वळायला लागला. त्याने आणि पिचिंग कोच मेल स्टॉटलमायरने तो सरळ करायची बरीच खटपट केली. जमेना, तेव्हा नाद सोडला. तोच त्याचा कटर. पुढची सोळा वर्षं तो जवळजवळ त्या एकाच चेंडूवर खेळला. काय येणार हे फलंदाजाला माहीत असायचं, तरी डावखुऱ्यांच्या बॅटी मुठीपाशी मोडायच्या. 2013 मध्ये निवृत्तीच्या मोसमात मिनेसोटा ट्विन्सने त्याला निरोपाची भेट दिली ती मोडक्या बॅटींपासून बनवलेली झुलती खुर्ची!

म्हणजे स्टार्टरला लागतात तसे चार चेंडू नसले तरी चालतं. एकच, पण अस्सल हवा. बुमराहकडे शेवटच्या षटकांत चेंडू देतात तसंच हे काम आहे, फक्त चूक झाली तर भरून काढायला पुढचं षटक नसतं. आघाडी तीन रन किंवा त्याहून कमी असताना शेवटची इनिंग टाकून सामना राखला की खात्यावर ‘सेव्ह’ जमा होतो. हा आकडा 1969 पासून अधिकृत आहे. पण क्लोजर फक्त शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवायची पद्धत रुळली ती 1988 च्या सुमारास, मॅनेजर टोनी ला रूसाने ओकलंडच्या संघात डेनिस एकर्सलीला तसं वापरल्यावर. एकर्सलीही आधीचा स्टार्टरच. रिवेराच्या नावावर 652 सेव्ह आहेत, प्लेऑफमध्ये आणखी 42.

आता त्याची दुसरी बाजू. 1997 च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध मालिका जिंकायला चार आउट हवे असताना सँडी अलोमारने त्याला होमरन मारला. यांकीज तो सामना हरले आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही. 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, ॲरिझोनात, शेवटची इनिंग, एका रनची आघाडी, चेंडू रिवेराच्या हातात, आणि तरी हार. पुढे कळलं की जिंकले असते तर त्याचा सहकारी एन्रिके विल्सन मिरवणुकीसाठी न्यूयॉर्कमध्ये थांबणार होता आणि 12 नोव्हेंबरच्या विमानाने घरी जाणार होता. हरल्यामुळे तो आधीच गेला. ते विमान क्वीन्समध्ये कोसळलं. आपण हरलो ते बरंच झालं, असं रिवेराने नंतर बोलून दाखवलं. 2004 मध्ये बॉस्टनविरुद्ध त्याच्याकडून पुन्हा सामने निसटले. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या मैदानावर त्याचं नाव पुकारल्यावर तिथल्या प्रेक्षकांनी खवचटपणे टाळ्यांचा कडकडाट केला, तर हा हसत टोपी उंचावून उभा! भाच्याने कटरपेक्षा हे शिकावं. स्टार्टरला वाईट दिवसानंतर चार दिवस मिळतात, रिलीफवाल्याला उद्या संध्याकाळी पुन्हा बुलपेनमध्ये फोन येतो.

आणि कधीकधी फोन येऊनही टाकायला मिळत नाही. उठायचं, वॉर्मअप करायचं, सामना फिरला की परत बसायचं. ते चेंडू कुठल्याच नोंदीत येत नाहीत, पण कोपर ते सगळे मोजतं. आठवड्यात किती वेळा उठवलं, हे भाच्याने स्वतः वहीत लिहून ठेवावं. कॉलेजचे कोच चांगल्या रिलीफ पिचरला पिळून घेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोटाचं म्हणाल तर, मेजर लीगमध्ये 2025 चं किमान वार्षिक वेतन 7,60,000 डॉलर होतं. त्याच्या फक्त एक पायरी खाली, ट्रिपल-एमध्ये, 2023 च्या करारात किमान 35,800 डॉलर ठरले. शेवटच्या फळीतला रिलीफ पिचर या दोन पायऱ्यांमध्ये वर-खाली हेलपाटत असतो. एका मोसमात त्याला पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही, असा नियम 2022 पासून करावा लागला, यावरून काय ते समजा.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे). उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, 2008 च्या टीव्ही स्पर्धेतून निवडला गेला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केला. काही वर्षं मायनर लीगमध्ये, बहुतेक बुलपेनमधूनच, खेळला. मग दुखापतींनी गाठलं. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

भाचा डावखुरा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एक लक्षात असू द्या: फक्त एका डावखुऱ्या फलंदाजापुरतं यायचं आणि जायचं, ही नोकरी मेजर लीगमध्ये 2020 च्या नियमाने संपली. आता किमान तीन फलंदाजांना टाकावं लागतं, नाहीतर इनिंग तरी संपवावी लागते. म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजासाठीही काहीतरी हवं.

घरच्यांना सांगा, ड्राफ्ट (मेजर लीगचे संघ नवी पोरं निवडतात तो) आता वीसच फेऱ्यांचा आहे आणि पोरगा अजून शिकतोय. डिग्री पूर्ण करू द्या. आणि पुढच्या वेळी कोच भेटला की ‘याला स्टार्टर का नाही ठेवलं’ असं विचारू नका. ‘याचा कुठला चेंडू तुम्हाला शेवटच्या इनिंगला हवासा वाटतो’ असं विचारा. त्याला लगेच उत्तर देता आलं, तर पोराचं ठीक चाललंय. आठवावं लागलं, तर मात्र इथे पुन्हा लिहा, मग वेगळं बोलू.