पहिल्यांदा शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायला, जातोयस, म्हणून सांगतो

परमिटवर (कामाच्या परवानगीच्या कागदावर) सही झाली म्हणजे पाइपलाइन रिकामी झाली, असं धरून चालू नकोस. नुसता व्हॉल्व्ह बंद असून भागत नाही, तो गळतो. ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी धातूची चकती, टाकलाय का, ते स्वतः जाऊन बघ. फ्लँज, म्हणजे पाइपांचा बोल्टने आवळलेला सांधा, उघडताना आधी तुझ्यापासून लांबचे बोल्ट सैल कर. आत काही उरलं असेल तर तोंडावर येणार नाही.

गॅस टेस्टला एलईएल, म्हणजे पेट घेणाऱ्या गॅसचा आकडा, शून्य आलं की सगळे खूश. तू आधी ऑक्सिजनचा आकडा विचार. तो 20.9 टक्के असायला हवा. नायट्रोजन भरलेल्या व्हेसलमध्ये (बंद टाकीत) नेहमीचं मीटर खोटं शून्य दाखवू शकतं, कारण त्याच्या सेन्सरलाही गॅस जाळायला ऑक्सिजन लागतो.

आणि पाइप-टाक्यांत साचणारा तो काळा गाळ! आयर्न सल्फाइड. ओला आहे तोवर गरीब. वाळला, हवा लागली की ठिणगीशिवाय पेटतो. मी एकदा स्ट्रेनर (पाइपातली गाळणी) काढून ग्रेटिंगवर, म्हणजे लोखंडी जाळीवर, ठेवला, चहा पिऊन येतो तर धूर. शेजारीच तेलकट कॉटन वेस्टचा ढीग! तेव्हापासून पाण्याची बादली आधी, पाना नंतर.

वेल्डिंग संपलं तरी फायर वॉचवाल्याला, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्याला, निदान अर्धा तास हलू देऊ नकोस. सुपरवायझर घाई करेलच. त्याला खुशाल माझं नाव सांग.