शब्द फुटत नाहीत तेव्हा

सलाम भाऊ. घरात आजारपण, त्यात हातचं काम गेलेलं, आणि प्रार्थनेला बसलं की तोंडातून शब्दच फुटत नाही, असं तू म्हणालास. मग शब्द उसने घे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 13 वं स्तोत्र उघड. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चारदा विचारतो, कुठवर? दार लावून मोठ्याने वाच. 88 वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाजवळ भांडायला अजिबात भिऊ नकोस.

आता बायबलमधल्याच 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय. जीव नको झालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली आडवा पडतो. देवदूत उपदेश करत बसत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. नागपूरच्या मेयो रुग्णालयात आईजवळ रात्र जागून आल्यावर तूही आधी जेव, झोप. अशा दिवसांत उपासाचा आग्रह धरणारे भेटतील. मला ते मुळीच पटत नाही.

रविवारी सदरला, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ये. मागच्या बाकावर बस. गाणं जमलं नाही तर आम्ही गाऊ. पाळकसाहेबांना घरी बोलवायला संकोच नको, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) स्पष्टच आहे. आणि झोप उडालेलीच राहिली, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखव. मी सोबत येतो.